एकही बोल्ट बदललेला नाही

मित्रांनो, मी एक जुनी गाडी आहे. पण ‘जुनी’ म्हणताना मी मान खाली घालणार नाही. माझे वय पन्नाशीच्या पुढे गेले आहे, रंग गडद हिरवा आहे आणि बॉनेटखाली आठ सिलिंडरचे इंजिन आहे. ते सुरू झाले की शेजारच्या घरातल्या कपबश्या किणकिणतात. घरात मला बर्था म्हणतात. वेगाचा मला गर्व आहे आणि तो लपवावा असे मला कधी वाटले नाही. थांबणे मात्र मला नीट येत नव्हते. ते मी फार उशिरा शिकले. कशी, ते सांगते.

माझा जन्म १९७० साली मिशिगनमधल्या एका कारखान्यात झाला. त्या काळी आमच्या जातीच्या गाड्या किती घोड्यांचे बळ आहे ते पाहून विकत घेत. पळते किती, हे सगळे विचारत. थांबते कशी, हे कुणी विचारत नसे. पुढच्या चाकांना मला चकतीचे ब्रेक मिळाले आणि मागच्या चाकांना जुन्या पद्धतीचे ड्रम. ड्रम म्हणजे झाकण घातलेला डबाच. पेडल दाबले की आतले दोन अर्धगोल तुकडे फाकतात आणि डब्याच्या भिंतीला घासतात. एकदोनदा थांबायला हे झकास आहे. पण डबा बंद असल्यामुळे उष्णता आतच कोंडते, आणि ड्रम तापला की पकड सुटते. सपाट मुलखात हे चालून जाते. मी गेले वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरात.

तिथे मला हॉलिस प्रुइटने घेतले. कोळशाच्या खाणीत विजेची कामे करणारा तेवीस वर्षांचा हा तरुण, नुकतेच लग्न झालेले. त्याने माझ्यावर केलेले प्रेम खरोखर जिवापाडचे होते. तो मला जुन्या सुती बनियनने पुसायचा, कारण दुकानातल्या फडक्याने ओरखडे पडतात असा त्याचा समज होता. माझ्या इंजिनाचा नंबर त्याला स्वतःच्या मुलीच्या वाढदिवसापेक्षा चांगला पाठ होता. स्टिअरिंगला मात्र तो कुणाला हात लावू देत नसे. बायकोलासुद्धा नाही.

“क्लच फार कडक आहे गं हिचा, अर्डिथ,” तो म्हणायचा. “तुला नाही जमायचं.”

“बरं,” अर्डिथ म्हणायची, आणि माझ्या हेडलाइटकडे बघून गालातल्या गालात हसायची. मी गप्प. गाडीला तोंड नसते हे एका परीने बरेच आहे.

आमच्या गावात उन्हाळाभर दर शुक्रवारी संध्याकाळी बर्गरच्या दुकानासमोरच्या पटांगणात जुन्या गाड्या जमतात. बॉनेट उघडे टाकायचे, पुढे घडीची खुर्ची मांडायची आणि येणाऱ्याने इंजिनात डोकावून विचारायचे, “सगळं मूळचंच का?” तिकडे हाच रामराम. हॉलिसने उत्तर द्यायचे कष्टही वाचवले होते. माझ्या काचेमागे त्याने स्वतःच्या हाताने रंगवलेली पाटी असे: ‘१९७०. एकच मालक. एकही बोल्ट बदललेला नाही.’ लोक पाटी वाचून मान डोलवत, आणि हॉलिस खुर्चीत दोन इंच उंच होई. अर्डिथ शेजारी बसून लिंबाच्या सरबतात काय एवढे बघत असे, ते तिला आणि मला ठाऊक.

पुढे हॉलिस निवृत्त झाला, त्याचे गुडघे कुरकुरू लागले, आणि मी शुक्रवारपुरती उरले. बाकीचे सहा दिवस माझ्यावर कापड. प्रेमानेच घातलेले हो, पण कापड ते कापडच.

हॉलिसची नात केंड्रा हिला ती पाळण्यात असल्यापासून मी ओळखते. ती सहा वर्षांची असताना माझ्या मागच्या सीटवर आइस्क्रीम सांडून रडायला लागली, तेव्हा हॉलिसने तिला शब्द दिला होता, “तुला पहिली नोकरी लागली ना, की ही गाडी तुझी. मग हवं तेवढं सांड.” केंड्रा वेल्डिंग शिकली, आणि गेल्या वर्षी डोंगरापलीकडच्या गावात मुलांना वेल्डिंग शिकवायची नोकरी तिला लागली. हॉलिसने किल्ली तिच्यासमोर टेबलावर ठेवली. मी मनातून केवढी हरखले! पण रोज ये-जा म्हणजे रोज बझर्डचा घाट. सात मैलांचा उतार, वळणामागून वळण.

पहिल्या फेरीला हॉलिस तिच्या शेजारी बसला. केंड्रा चांगली चालवते, हात हलका आणि नजर लांब. पण पाचव्या मैलापर्यंत माझे मागचे ड्रम तापून लालबुंद झाले होते. सहाव्या मैलावर वळणाआड ओंडक्यांनी भरलेला ट्रक जवळजवळ उभाच होता. केंड्राने पेडल दाबले. उजव्या ड्रमने पकडले, डाव्याने दगा दिला, आणि माझी पाठ दरीकडे झोकली गेली. मी थांबले तेव्हा माझे नाक आणि ओंडके यांच्यात एक वीत अंतर होते. मित्रांनो, ती लाज मी आजही विसरलेले नाही. ज्या मुलीला मी खांद्यावर घेऊन मिरवले असते, तिला मी दरीत टाकणार होते.

 घरी आल्यावर गॅरेजमध्ये हॉलिसने माझ्यावर कापड ओढले आणि म्हणाला, “ही आता डोंगर ओलांडणार नाही. विषय संपला.”

“आजोबा, तिला मागे पण चकतीचे ब्रेक बसवू या,” केंड्रा म्हणाली. “उघडी चकती असते, वारा लागतो, तापली तरी निवते. दोन दिवसांचं काम आहे.”

“आणि पाटीवर काय लिहू? एकही बोल्ट बदललेला नाही, आठदहा सोडून?”

“पाटी मोठी की मी मोठी?”

“तू मोठी. म्हणूनच सांगतोय, दुसरी गाडी घे.”

आता तुम्हीच सांगा, यात माझे काय होणार होते? ब्रेक बदलायचे नाहीत, आणि न बदलता मला मुलीच्या हाती द्यायचे नाही. म्हणजे माझ्या नशिबी कापड.

अर्डिथने तोड काढली. “बघायला काय जातंय?” ती जेवताना म्हणाली. “लोनीकडे जा, काय काय मिळतं ते बघा. नाही पटलं तर नको.” लोनी हा अर्डिथचा धाकटा भाऊ, गावाच्या टोकाला त्याचे गॅरेज. माझे मागचे ड्रम उघडायचे काम वर्षानुवर्षे त्याच्याकडेच होते. “दाजी, तुमची कंबर सांभाळा, खाली मी जातो,” असे म्हणून तो हॉलिसला कधी मागच्या चाकांखाली शिरूच देत नसे. हॉलिसला वाटे, मेव्हणा किती काळजी घेतो!

लोनीच्या टेबलावर ब्रेकच्या चार तयार संचांची, म्हणजे किटांची, चित्रे पसरली होती. पहिल्यात चकती पकडणारे लालभडक चिमटे आणि जाळीसारखी भोके पाडलेल्या परातीएवढ्या चकत्या.

“हे शुक्रवारी मिरवायला,” केंड्राने चित्र बाजूला सारले. “ह्याला सतरा इंची चाकं लागतात. आपली मूळची पंधरा इंची, त्यात हे मावणारच नाही.”

“मूळची चाकं हलणार नाहीत,” हॉलिसने लगेच बजावले.

“म्हणूनच म्हटलं. हे दुसरं स्वस्त आहे, पण हँडब्रेकच नाही. शाळेच्या चढावर मी काय चाकाखाली दगड लावू?”

“तुझ्या आजीने लावलेत की!” लोनी म्हणाला.

“कधी?” हॉलिसने विचारले.

लोनीला एकदम ठसका लागला. “म्हणजे... ट्रॅक्टरला हो, दाजी. ट्रॅक्टरला.”

तिसऱ्यात हँडब्रेक चिमट्यातच बसवलेला होता. ते सतत जुळवत राहावे लागते, नाही तर ढिले पडते, असे लोनी म्हणाला. चौथे दिसायला अगदीच साधे होते. करडी चकती, एकच दणकट चिमटा, आणि चकतीच्या पोटात हाताच्या तळव्याएवढा लहानसा ड्रम, फक्त हँडब्रेकपुरता. पंधरा इंची चाकात सहज मावते, आणि सुटे भाग कुठल्याही दुकानात मिळतात.

“हेच,” केंड्रा म्हणाली. “घाटात चकती थांबवेल, चढावर ड्रम धरून ठेवेल.”

हॉलिसने चष्मा सावरून चित्र पाहिले. आत ड्रम आहे म्हटल्यावर त्याचा चेहरा जरा सैल झाला. “एका अटीवर,” तो म्हणाला. “हे आहे त्या भोकांत आहे त्या बोल्टांनी बसलं पाहिजे. जुने ड्रम पेटीत जपून ठेवायचे. आणि हिच्या अंगाला एक जरी नवं भोक पाडावं लागलं, तर काम तिथेच थांबेल. मग परत हा विषय नाही. कबूल?”

“कबूल,” केंड्रा म्हणाली.

“दाजी,” लोनी हळूच म्हणाला, “मागवण्याआधी ॲक्सलच्या टोकांचं माप घेऊ या का? भोकं किती अंतरावर आहेत...”

“माप? अरे, सत्तर सालची गाडी, सत्तर सालचं किट. माझ्या बायकोचं माप विचारलंस तर चुकेन मी. हिचं नाही चुकणार.”

लोनीने तोंड उघडले आणि मिटले. त्याने बहिणीला शब्द दिला होता. जुन्या गाडीवाल्यांची ही खोडच आहे, मित्रांनो. गाडीचे साल विचारा, छाती फुगवून सांगतील. टेप घेऊन खाली वाका म्हटले, की अपमान होतो.

किट आले. शनिवारी सकाळी लोनी मदतीला आला, आणि केंड्राने माझी मागची चाके उतरवली, ड्रम काढून पेटीत ठेवले आणि चिमटा धरणारे ब्रॅकेट मागची दोन चाके जोडणाऱ्या ॲक्सलच्या टोकाला लावले. वरची दोन भोके जुळली. खालची दोन अर्धे बोट बाजूला! तिने ब्रॅकेट उलटे करून पाहिले, डाव्याचे उजव्याला लावून पाहिले. दुसऱ्या टोकालाही तेच.

“चुकीचं पाठवलंय त्यांनी,” ती म्हणाली.

हॉलिसने पेटीवरचा कागद दोनदा वाचला. “नाही. सत्तरचंच आहे. बरोबर आहे.” त्याने कागदाची घडी घातली. जिंकलेल्या माणसाचा चेहरा असा नसतो. “हिच्या मनातच नाही, केंड्रा. भर ते परत पेटीत.”

“दोन भोकं, आजोबा! ब्रॅकेटला तिथे जागा नाही, ॲक्सलला पाडते. कुणाला दिसणारसुद्धा नाही.”

“मला दिसतील. शब्द म्हणजे शब्द.”

केंड्रा गॅरेजच्या फरशीवर बसली आणि तिने हातमोजे काढून बाजूला ठेवले. सोमवारी तिची शाळा सुरू होणार होती. मी जॅकवर टांगलेली, मागची चाके नाहीत, पोट उघडे. आतून ओरडावेसे वाटत होते, की अरे, माप घ्या! ॲक्सलवरचा रंग खरवडून खालचा शिक्का बघा! पण कोण ऐकणार?

तेवढ्यात अर्डिथ घेवड्याच्या उसळीचे भांडे आणि मक्याचा पाव घेऊन आली. तिने जॅकवरची मी पाहिली, फरशीवरची नात पाहिली, आणि भिंतीकडे तोंड करून उभा असलेला लोनी पाहिला. तिला सगळे समजले. तिने भांडे बाकावर ठेवले. ती घाबरली नव्हती हे मी खात्रीने सांगते. पण त्या पाटीवर नवऱ्याचा किती जीव आहे हे तिच्याइतके कुणाला माहीत नव्हते, आणि तिला ती पाटी मोडायची नव्हती. पन्नास वर्षे ती त्यासाठीच गप्प राहिली होती.

“किट चुकलेलं नाही, हॉलिस,” ती म्हणाली. “ॲक्सल चुकीचा आहे. तो बर्थाचा नव्हेच.”

“काय बोलतेस?”

“शहात्तर साली तू अलास्कात तेलाच्या पाइपलाइनवर होतास. मी आणि लोनी दर रविवारी हिला घेऊन शर्यतीच्या पट्टीवर जायचो. पाव मैलाच्या शर्यती. उन्हाळ्यात अकरा जिंकल्या मी. बाराव्या वेळी क्लच सोडला आणि ॲक्सल कडाडकन मोडला. मग भंगारातून हिच्याच धाकट्या भावंडाचा आणला, दोन वर्षं नंतरचा. लोनीने बसवला, मी काळा रंग मारला. त्याच्या सालाचा शिक्का त्याच रंगाखाली आहे.”

“ताई, मी काही बोललो नाही हं,” लोनी भिंतीला म्हणाला.

“तू गप्प बस. ट्रॅक्टरचं केंड्राने सांगितलंय मला, तेव्हाच गप्प बसायला हवं होतंस.”

हॉलिस तडक आत गेला.  तो परत आला तेव्हा त्याच्या हातात कपडे वाळत घालायच्या चिमट्यांचा दोन कानांचा कप होता. कपडे धुण्याच्या खोलीत खिडकीशी तो इतकी वर्षे उभा होता. चर्चच्या जत्रेतून आणला, असे अर्डिथने सांगितले होते. हॉलिसने चिमटे बाकावर ओतले आणि कप उलटा फिरवला. एरवी खिडकीकडे असणाऱ्या बाजूला अक्षरे होती: ‘प्रथम क्रमांक, महिला गट, १९७६.’

“मी रोज ह्यातून चिमटे काढतोय,” तो म्हणाला.

“हो. अगदी नीट काढतोस.”

अठ्ठ्याहत्तर वर्षांचा तो माणूस मग कुरकुरत्या गुडघ्यांनी खाली बसला, पाठीवर झोपला आणि सरकत माझ्या मागच्या चाकांखाली आला. कितीतरी वर्षांनी. त्याने स्क्रूड्रायव्हरने काळा रंग खरवडला. शिक्का निघाला. त्यावर ७२ होते. त्याचा श्वास माझ्या पोटाला लागत होता आणि मला वाटले, आता संपले. आता हा मला परकी समजणार. मित्रांनो, मला त्या क्षणी फार भीती वाटली.

खालून आवाज आला, “वेळ किती?”

“सव्वाबारा,” लोनी म्हणाला.

“तुला नाही रे विचारलं! अर्डिथ, पाव मैलाला किती सेकंद?”

“तेरा पॉइंट चार,” अर्डिथ म्हणाली.



“माझे चौदाच्या खाली कधी आले नाहीत,” हॉलिस म्हणाला. आणि मग माझ्या पोटाखाली तो जो हसायला लागला, त्याने जॅकसुद्धा हलला. “लोनी, नुसता उभा काय राहिलास? टेप आण. माप घे.”

योग्य ब्रॅकेट मंगळवारी आले. तोवर केंड्रा लोनीच्या ट्रकमधून शाळेत गेली. आहे त्या भोकांत, आहे त्या बोल्टांनी ते ठाकठीक बसले. अंगाला एकही नवे भोक पडले नाही. ड्रमसाठी ब्रेकच्या नळीत थोडा दाब राखणारी एक चिमुकली झडप असते. ती तशीच राहिली तर चकती सतत घासत राहते. लोनीने तीही आठवणीने काढली. मोकळ्या पटांगणात पहिल्यांदा जोरात थांबवले तेव्हा माझी मागची चाके अडकून घसरली. केंड्राने मागचा दाब कमी करणारी कळ अर्धा वेढा फिरवली, पुन्हा पळवले, पुन्हा अर्धा वेढा. चौथ्या वेळी मी सरळ रेषेत, नाक जमिनीकडे किंचित झुकवून, उभी राहिले. अशी मी जन्मात कधी थांबले नव्हते!

रविवारी घाटाच्या माथ्यावर हॉलिसने मला उभे केले. मागे बसलेल्या केंड्राने किल्लीसाठी हात पुढे केला. हॉलिसने किल्ली तिला दिली नाही. ती अर्डिथपुढे धरली.

“तुझी पाळी उद्यापासून, केंड्रा,” तो म्हणाला. “आज हिला हिची बाई चालवू दे.” आणि बायकोला म्हणाला, “क्लच कडक आहे.”

“ठाऊक आहे,” अर्डिथ म्हणाली.

शहात्तर सालानंतर ते हात पहिल्यांदाच माझ्या स्टिअरिंगवर पडले. सुरकुत्या आल्या होत्या, पण पकड तीच. मी तिला लगेच ओळखले. सात मैलांचा उतार आम्ही उतरलो. प्रत्येक वळणाआधी तिने पेडल दाबले आणि प्रत्येक वेळी मी ऐकले, पहिल्या मैलाला जसे तसेच सातव्याला. सहाव्या मैलावरच्या त्या वळणावर हॉलिसने सीटची कड घट्ट धरली होती. मी तिथे अलगद मंद झाले, आणि त्याने हात सोडून मांडीवर ठेवला.

त्या शुक्रवारी पटांगणात माझ्या काचेमागे नवी पाटी लागली. शेजारी तो कप. पाटीवर लिहिले होते: ‘१९७०. मागचा ॲक्सल अर्डिथने तोडला, अर्डिथने बदलला. मागचे ब्रेक केंड्राने बसवले. बाकीची मी पुसली.’ लोक जुन्या पाटीपुढे मान डोलवून पुढे जात. नवीपुढे थांबतात आणि अर्डिथला खुर्चीतून उठवून सगळी हकिगत विचारतात. हॉलिस तिच्यासाठी सरबत आणायला जातो.

आता मी रोज डोंगर ओलांडते. माझ्यावर चिखल उडतो, सीटवर कॉफी सांडते, आणि माझे कापड गॅरेजच्या कोपऱ्यात घडी होऊन पडले आहे. मित्रांनो, माझी तुम्हाला एवढीच विनंती आहे. जुन्या वस्तूवर प्रेम असेल तर तिला झाकून ठेवू नका. वापरा. तिला काय लागते ते मधूनमधून खाली वाकून पाहा, आणि पाटीवर विसंबू नका. दुरुस्तीने आमची किंमत कमी होत नाही, आमच्यात आणखी एक माणूस जमा होतो. माझ्यात आता तिघे आहेत. केंड्रा रोज सकाळी घाटाच्या माथ्यावर क्षणभर थांबते आणि एकदा पेडल दाबून बघते. मी लगेच ‘ओ’ देते. मग आम्ही दोघी खाली निघतो.